हळदीचा भाव आणि कोपऱ्यातली बाई

कुरुंद्यात लग्न जुळलं की माणसं आधी आचाऱ्याकडं जातात आणि मग रखमाजी आबांच्या सुनेकडं. सून म्हणजे सुकन्या. ती लग्नाच्या पत्रिका करते, वाढदिवसाचे बॅनर करते, तेराव्याची कार्डंसुद्धा तिच्याच हातची. माहेर डोंगरकड्याचं. लग्नाआधी तिनं हिंगोलीला जाऊन डीटीपी शिकून घेतलं आणि सासरी येताना हट्टानं कॉम्प्युटर आणला. फ्रीज नको, कूलर नको, तेवढं एक द्या म्हणाली बापाला. तेव्हा इथल्या बायकांनी नाकं मुरडली होती. पुढं त्याच बायका आपापल्या पोरींच्या पत्रिका घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

पत्रिका म्हणजे नुसतं टाइप करणं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा चार भावांच्या घरची पत्रिका करून दाखवावी. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, बोलणं बंद असलेल्या चुलत्याला निमंत्रकांत घ्यायचं की 'समस्त परिवार' म्हणून गुंडाळायचं, दोन मामांतला थोरला कोण? एवढ्यावरून भर मांडवात माणसं रुसून उठतात. सुकन्या हे सगळं आधी खोदून खोदून विचारायची. पूर्ण घर हो म्हणाल्याशिवाय ती कागद छापायला सोडायची नाही. म्हणून लोक वसमतला जायचं सोडून तिच्याकडं येत. घरात बसून स्वतःच्या कामानं ओळखली जाणारी सून त्या आळीत ती एकटीच होती आणि तिला त्याचा गर्व होता. असावाच की. फुकट मिळालेला नव्हता तो.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत. दुपारी तो सुकन्याचा आणि सकाळी सासऱ्याचा. रखमाजी आबा आंघोळ उरकून, कपाळाला बुक्का लावून खुर्चीवर बसत आणि वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव बघत. लांबट कांडी कशी, गोल गट्टू कसा, तेजी आहे का मंदी. मग पारावर जाऊन तो सांगत. तसे मोबाईल सगळ्यांच्याच खिशात आहेत, भाव कुणालाही दिसतो. पण आबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो बराबर धरायचा नाही, अशी त्या पाराची रीत पडली होती आणि आबांना ती फार आवडायची.

घराची रीत आणखी वेगळी. सासरा खुर्चीवर असला की सुनेनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. समोर बसायचं नाही, तोंडावर बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर सासूच्या मार्फत. 'आत्याबाई, मामांना म्हणावं चहा झाला.' मामा तिथंच पलीकडं बसलेले, कानांनी धड, त्यांना सगळं ऐकू आलेलं असे. तरी उत्तर सासूकडून, कौशल्याबाईंकडून, फिरून यायचं, की तिला म्हणा साखर कमी टाक. सुकन्याला आधी याचं हसू यायचं, पुढं सवय झाली. पण बघा, एकच कॉम्प्युटर, त्यावर बसणारी दोनच माणसं आणि ती दोघं त्याच्यासमोर एका वेळी कधीच नाहीत. सगळा घोळ इथंच झाला.

सुरुवात चौकटींपासून झाली. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मधूनच एक चौकट टपकायची. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब इथं दाबा.' सुकन्या खुळी नव्हती. असल्या ठिकाणी दाबायचं नसतं एवढं तिला ठाऊक होतं. तिनं अँटिव्हायरस चालवला. तासभर तो घरघरला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. ठीक आहे तर मग ही चौकट कुठून येते? त्याचं उत्तर त्यानं दिलं नाही. सुकन्या नेट कामापुरतंच चालू करायची, एखादा गणपती किंवा वेलबुट्टी शोधायला. बाकी वेळ तिचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर भलं नि ती भली. फुल्लीवर दाबायची, चौकट जायची, ती कामाला लागायची.

मग अमृतरावांच्या मुलीची पत्रिका आली. अमृतराव म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, लांबून चुलत भाऊ लागायचे आबांचे. स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले होते, चष्मा नाकावर घेऊन एकेक नाव तपासत होते. सगळं जुळत आलं होतं. पण गणपती त्यांना पसंत पडेना. हा नको, सोंड उजवीकडं असलेला बघ म्हणाले. सुकन्यानं नेट चालू केलं. वर 'श्री गणेशाय नमः', त्याखाली कुलदैवताचं नाव, आणि खाली कोपऱ्यात झपकन एक बाई आली. अंगावर असून नसल्यासारखे कपडे. खाली हिंदीत लिहिलेलं, मैं अकेली हूँ, बात करोगे?

सुकन्यानं घाईघाईनं माऊस फिरवला. फुल्ली सापडेना. एक घालवली तर दुसरी आली, ती पहिलीपेक्षा वाईट. अमृतरावांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि ते उठले. ओरडले असते, चार शब्द सुनावले असते तर तिला तिथल्या तिथं सांगता तरी आलं असतं. ते सरळ बाहेर गेले, ओट्यावर आबांशी हळू आवाजात काहीतरी बोलले आणि पायात चपला घालून चालू पडले.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर चादर पडली. आबांनी स्वतःच्या हातानं घातली. सुनेला विचारलं नाही, मुलाला विचारलं नाही. कौशल्याबाईंच्या मार्फत निरोप तेवढा आला, की पत्रिकांचं काम आता बास. सकाळी आपण भाव बघू तेवढंच चालू राहील. म्हणजे वस्तू चालेल, तिच्यावर बसणारी बाई चालणार नाही. वा रे न्याय! कॉम्प्युटर आणला कुणी, शिकली कोण, आणि ठरवलं कुणी?

गावात तर काय, गोष्ट वाऱ्यावर गेली. कुणी समोर बोललं नाही. पण नळावर तिनं घागर ठेवली की बोलणं थांबायचं. एका पोरीच्या आईनं वाढदिवसाचा फोटो बॅनरसाठी दिला होता, तो येऊन परत घेऊन गेली. फोटो परत मागून घेतला हो! सहा वर्षांच्या लेकराचा फोटो. सुकन्या त्या रात्री जेवली नाही.

तिनं नवऱ्यालाच धरलं. परमेश्वर वसमतला खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. तूच बघत असशील काहीतरी, तिनं त्याला म्हटलं. तो बिचारा भडकला, स्वतःच्या लेकराच्या गळ्याची शपथ घेतली, आणि मग नवरा-बायकोचं दोन दिवस बोलणं बंद. शेवटी त्यानंच तोड काढली. कॉम्प्युटर गाडीवर बांधला आणि दोघं वसमतला प्रमोदच्या दुकानात घेऊन गेले. प्रमोद दुरुस्तीचं काम करायचा. त्यानं यंत्र चालू केलं, एकदोन चौकटी आल्या तशा बघितल्या, गालातल्या गालात हसला. घरी यावर कोण कोण बसतं म्हणून विचारलं. मी आणि सासरे, सुकन्या म्हणाली. सासरे तर असलं बघणार नाहीत ताई, असं म्हणून तो परमेश्वरकडं बघून पुन्हा हसला.

काय अधिकार होता त्याला हसायचा? यंत्र दुरुस्त करायला दिलं होतं, तिचं चारित्र्य नव्हे. सुकन्याच्या ओठावर आलं होतं, पण नवऱ्याकडं बघून गिळलं. प्रमोदनं सगळं पुसून नव्यानं घालून दिलं. घरी येऊन बघते तर डेस्कटॉप कोरा. तिच्या सगळ्या पत्रिका, स्वतः जुळवलेल्या किनारी, कलशाची, तुताऱ्यांची, मोरांची चित्रं, वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं तिथंच ठेवलेलं होतं, ते गेलं. फोन केला तर प्रमोद म्हणाला, डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं ना ताई. एक शब्द आधी विचारला असता तर त्याची जीभ झिजली असती का? हसायला बरी वेळ मिळाली होती.

तरी ती म्हणाली, जाऊ दे. गेलं तर गेलं, आरोप तर धुऊन निघाला. कॉम्प्युटर कोरा आहे, आता कोपऱ्यात काही येणार नाही. आबांनीही कौशल्याबाईंच्या मार्फत कळवलं, की बघू चार दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कॉम्प्युटर लावला, फॉन्ट टाकायला नेट उघडलं, आणि बाई हजर. तीच, तसलीच.

आता तर बोलायलाच नको. आधी कदाचित यंत्रात दोष असेल असं म्हणायला जागा होती, आता तीही गेली. सगळं पुसून आणलं आणि लगेच पुन्हा तेच, मग दोष कुणाचा? संध्याकाळी परमेश्वर आला, त्यानं ते बघितलं आणि तोसुद्धा मान फिरवून बाहेर गेला. त्याचं ते मान फिरवणं तिला अमृतरावांच्या उठून जाण्यापेक्षा जास्त लागलं. अंगाचा तिळपापड झाला तिच्या. रडू येत नव्हतं, रागच येत होता. आणि रागात माणसाचं डोकं कधी कधी फार सरळ चालतं. काल रात्रीपासून आज दुपारपर्यंत आपण याला हात लावला नाही. परमेश्वर दिवसभर वसमतला. कौशल्याबाई माऊसला भितात. मधे एकच माणूस बसला. सकाळी, हळदीच्या भावाला.

मनात आलं आणि तिलाच शरम वाटली. बुक्का लावणारा माणूस. नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेला की सगळ्यांसाठी प्रसाद आणणारा माणूस. पण मग तिच्या मनात आलं, माझ्याबद्दल असं वाटताना कुणाला शरम वाटली का?

सकाळी ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. पडदा एवढासा सरकवलेला. रीतीप्रमाणे तिनं बघायलाच नको होतं, पण रीतीनं तिचं काय भलं केलं होतं! आबा बसले. हात जोडले. एका बोटानं टाइप करत भावाचं पान उघडलं. कुठल्याशा भुक्कड लोकांनी बनवलेलं ते पान, वर हळदीचा ढीग आणि खाली नुसत्या जाहिराती. भाव दिसायच्या आधी मध्येच एक पाटी आली, मराठीत. 'आजचा भाव पाहण्यासाठी निळे बटण दाबा.' आबांनी निळं बटण दाबलं. पुन्हा पाटी आली, पुन्हा दाबलं. आल्या माणसाला दारातून या म्हणावं तसं, मोठ्या अदबीनं.

सुकन्याला एका क्षणात सगळं उमगलं. ते बटण भावाचं नव्हतंच. इंग्रजीत त्यावर परवानगी असं लिहिलेलं होतं, आमची सूचना तुमच्या कोपऱ्यात दाखवायला परवानगी. ती एकदा दिली की ते लोक मग काय वाट्टेल ते दाखवतात, व्हायरस म्हणतात, बायका दाखवतात, आणि पान बंद केलं तरी येत राहतात. अँटिव्हायरसला ते सापडत नाही, कारण त्याच्या लेखी घरच्या माणसानंच हो म्हटलेलं असतं. प्रमोदनं सगळं पुसलं आणि आबांनी सकाळी पुन्हा हो म्हटलं.

तिला हायसं वाटलं. चला, म्हाताऱ्या माणसाला कळलं नाही, एवढंच ना. ती पुढं होणार तोच कोपऱ्यात ती बाई आली. आबा दचकले नाहीत. मान वळवली, डोळे मिटले, 'पांडुरंग, पांडुरंग' म्हणाले, सरावानं फुल्लीवर दाबलं आणि स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली. सुनेच्या दिशेनं. चिडलेली, किळसलेली नजर.

म्हणजे ते रोज बघत होते. अमृतराव येण्याच्या कितीतरी आधीपासून. रोज सकाळी बघत होते, हे सुनेचंच असं धरून चालत होते आणि तिच्या हातचा चहा पिऊन पारावर जात होते. सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पडदा सारला, सरळ आत गेली, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि सासऱ्याच्या शेजारी बसली. घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"मामा, हे कवापासून दिसून राहिलं तुमाला?"

आबांनी सवयीनं कौशल्याबाईंना हाक मारली. सांगा तिला, म्हणाले. कौशल्याबाई दारात येऊन थबकल्या. सुकन्या म्हणाली, आत्याबाईंना मध्ये घेऊ नका, मी इथं बसलेली आहे. तेव्हा आबा खाली बघून बोलले, की पोळ्याच्या आधीपासून. दोन महिने झाले असतील.

"अन् मला एकदाबी विचारलं न्हाई. काहून?"

असल्या गोष्टी सुनेला कशा विचारायच्या, ते म्हणाले. लाज वाटली. बघा, विचारायची लाज वाटली, मनात धरायची नाही वाटली. सुकन्यानं माऊस हातात घेतला. सेटिंग उघडलं, ज्या ज्या पानाला परवानगी गेली होती ती एकेक काढून टाकली आणि इथून पुढं कुणी परवानगी मागूच नये असं बटण बंद केलं. मग पान पुन्हा उघडून दाखवलं. पाटी नाही, बाई नाही, आणि भाव तसाच्या तसा. निळं बटण न दाबताही दिसतो मामा, ती म्हणाली. आबांनी डोळे बारीक करून बघितलं. कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला होता. म्हणाले, मला वाटलं, दाबल्याबिगर सांगत न्हाईत ते.

थोड्या वेळानं त्यांना सुचलं, की झालं ते झालं, घरातली गोष्ट घरात राहू द्या. सुकन्या स्टुलावरून उठली नाही. गोष्ट घरात होतीच कुठं, तिनं विचारलं. पारावर गेली, नळावर गेली, वसमतला गेली. मग खरं तेवढं घरात ठेवायचं? जिथं भाव सांगता तिथंच हे सांगा, म्हणाली. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी आशेनं बायकोकडं पाहिलं. कौशल्याबाई जन्मात नवऱ्यापुढं मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. आजही मोठ्यानं बोलल्या नाहीत. आजच सांगा, एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आबांनी सांगितलं, हे खरं. माणूस तसा सरळ. भाव सांगितला, कांडी वर आहे म्हणाले, आणि मग खाली बघून ते बटणाचं सांगितलं. आणि पारावरचा सगळा जमाव हसला. असा हसला म्हणता की विचारू नका. आबा या वयात, आबा रंगेल निघाले, आबा आम्हालाबी ते पान दाखवा. दोघांनी तर त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. दुपारपर्यंत अख्ख्या गावाचं हसून पोट दुखलं आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट मिटलीसुद्धा. जीव भांड्यात पडला आबांचा. घरी आले ते थोडे हसतच आले.

संध्याकाळी अमृतराव आले. मुलीची पत्रिका वसमतला छापून झाली होती, पण मांडवाचा बॅनर राहिला होता, तो सुकन्याकडून करून घ्यायचा होता. ओट्यावर बसले, आबांच्या मांडीवर थाप मारली, पुन्हा सगळं वदवून घेतलं आणि पुन्हा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आबाही ओशाळं हसत राहिले. सुकन्या चहा घेऊन बाहेर आली तर अमृतरावांनी तिला लाडानं सांगितलं, जाऊ दे पोरी, मनावर घेऊ नको, हात चुकतो माणसाचा.

सुकन्या कप हातात धरून उभी राहिली. तीच चौकट, तीच बाई. तिच्यावर आलं तेव्हा पाप होतं. लेकराचा फोटो परत घेण्याइतकं, नळावर तोंड फिरवण्याइतकं. आणि आबांच्या हातून झालं म्हटल्याबरोबर ती गंमत झाली. कुणी तिला येऊन म्हणालं नाही, की चुकलं आमचं. हसले आणि मोकळे झाले.

"काका, हात माझा चुकला असता तर तुमी असंच हसला असता का?"

अमृतरावांचं हसू अर्ध्यावर राहिलं. तुझी गोष्ट येगळी, ते म्हणाले, तू बाईमाणूस. आणि त्यांनी आबांकडं पाहिलं, सुनेला आत जा म्हणा या अर्थानं. गावात दुसरा कुणीही सासरा असता तर तेच म्हणाला असता. आबा अजून ओठांवर हसू घेऊन बसले होते. ते हळूहळू गेलं.

"माझ्याकडं काय बघता, अमृतराव? मी दोन महिने हिच्याच हातचं खाल्लं अन् हिलाच तसली समजत राहिलो. तिनं इचारलंय, तिला सांगा."

अमृतराव उठले आणि पायात चपला घालून चालू पडले. मुलीच्या लग्नाचा बॅनर त्यांनी वसमतहून करून आणला.